न वाजणारी पावलं

डिलन, मोंटाना
४ सप्टेंबर २०१३

प्रिय व्हर्लिनकाका,

तुमचं कार्ड इथल्या पोस्टात माझ्या नावानं कधीचं येऊन पडलं होतं, आणि हातात आल्यावरही मी उत्तर लिहायचं टाळत राहिले. आज लिहू, उद्या लिहू करत अख्खी जत्रा उलटली. कार्डावर तुम्ही एवढंच लिहिलं होतं की डॉइल घर सोडून गेला, मंगळवारी पहाटे, बंदूक इथंच आहे. त्याला उत्तर लिहायचं म्हणजे तो गेलाय हे कबूल करायचं, म्हणून मी कार्ड पिठाच्या डब्यामागं खोचून ठेवलं आणि लोकांना तळलेल्या पुऱ्यांवर साखर भुरभुरून देत बसले. आता जत्रा उठलीय, तंबू पडतायत, आणि पुढं ढकलायला काही उरलं नाही.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही फक्त "हं" म्हणता.

इथं एक बोकड होता, पहिल्या नंबराचा. त्यानं स्वतःचीच निळी फीत खाल्ली आणि मालकिणीनं त्यासाठी पंचांना धरलं. तुम्ही असता तर हसला असता, निदान ओठाचा डावा कोपरा तरी हलला असता. असो, मी बोकडाबद्दल लिहायला बसले नव्हते.

आमच्या शेजारी शर्ट विकणारा होता. काळे शर्ट, कवट्या, पंख, सुरे. त्याला मी बोलता बोलता सांगितलं की माझा भाऊ डॉइल सैन्याच्या रेंजर पलटणीत होता, चार वेळा अफगाणिस्तानात जाऊन आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, शर्ट फुकट दिला, आणि म्हणाला, असा एक माणूस म्हणजे एक अख्खं सैन्य, उघडा सोडला तर बर्फातसुद्धा मुळं खाऊन जगेल. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पलीकडची लोणच्यांची बाई म्हणाली, "रेंजर का? मग यंदा अस्वलं फार आहेत का गं जंगलात?" तिला वाटलं वनखात्याचा रेंजर. आपली ओपलमावशीही अजून समजते ना, की तुम्ही व्हिएतनाममध्ये झाडं राखत होतात?

पण रात्री तो शर्ट अंगावर घालवेना. मुळं खाऊन जगणारा डॉइल माझ्या डोळ्यांपुढं येतच नाही. मला दिसतो तो जुलैतला, फोनवरचा. पलीकडून नुसता पंख्याचा घरघराट, आणि मग त्यानं विचारलं, "डेस, तू झोपतेस कधी?" मी म्हटलं, वेळ मिळेल तेव्हा. तो म्हणाला, "नशीबवान आहेस." त्याच्या तुकडीतल्या एकानं मागच्या हिवाळ्यात घरी परतल्यावर स्वतःला संपवलं, हे त्यानं तुम्हाला सांगितलं होतं का? मला सांगितलं होतं, आणि मी विषय बदलला होता.

आईबाबांनंतर आम्हाला तुम्हीच वाढवलंत. शिवाय तुम्ही आणि तो दोघंही सैन्यातले रेंजर, एकाच धंद्यातले. तो कुठं गेला असेल आणि काय करून घेईल, हे तुम्हाला नाही कळणार तर कुणाला? थंडी पडायच्या आत तो सापडायला हवा. सगळं लिहा. मी आता साखरेच्या बीटच्या काढणीसाठी नॉर्थ डकोटाकडे निघतेय, पत्ता खाली देते.

तुमची,
डेस

*

लॉरेल फोर्क, नॉर्थ कॅरोलायना
१३ सप्टेंबर

चि. डेस,

पत्र मिळालं. पायाला भिंगरी बांधून जन्मलेल्या पोरीनं बसून इतकं लिहिलं, म्हणजे काळजी खरी आहे.

सगळं लिही म्हणतेस, तर लिहितो.

तो मार्चमध्ये आला. मी त्याला मागची खोली दिली, डोंगराकडे उघडणारी, तुझ्या आजीची. सगळ्यात शांत खोली. मला परत आल्यावर शांतताच लागली होती. तुमच्या आजीला सांगून मी घरातलं घड्याळसुद्धा बंद करवलं होतं. म्हणून याच्यासाठीही मी रेडिओ काढला, कुत्रा ओपलकडे पाठवला. त्यानं आणलेला पंखा दिवसभर घरघरत असायचा, तो जुलैअखेर बिघडला आणि मी मुद्दामच दुरुस्त केला नाही.

तो झोपायचा नाही. अंगात सगळे कपडे, पायात बूट, पलंगाच्या कडेला बसलेला, तोंड दाराकडे. सकाळी डोळे मिटले तर मी दहाला उठवायचो, कारण दिवसा झोपलं की रात्र आणखी लांबते. रात्री मी त्याच्यावर नजर ठेवायचो. तू सांगितलंस त्या मुलाचं मला माहीत होतं. म्हणून रोज मी अंधारात उठून त्याच्या दाराशी जायचो आणि त्याचा श्वास ऐकत उभा राहायचो. फळीचा आवाज नाही, कपड्याची सळसळ नाही. चौसष्टाव्या वर्षीही ते जमतं मला. त्याला कधी कळलंसुद्धा नसेल.

ऑगस्टमध्ये एका पहाटे खोली रिकामी, खिडकी उघडी. दार आतून तसंच बंद.

आता गावाचं ऐक. दुकानातल्या बाकावर बसणाऱ्यांनी ठरवलंय की तो डोंगरात सापळे लावून बसलाय, चमच्यानं माणूस मारू शकतो, आणि त्याला पकडायला सैन्य बोलवावं लागेल. यातला एकही कधी चूल पेटवायच्या लाकडांपलीकडे जंगलात गेलेला नाही. शेरीफनं खांबावर कागद लावलाय की दिसला तर जवळ जाऊ नका. त्याचे दोन शिपाई बंदुका घेऊन माझ्या कुरणाच्या कडेला लपून बसतात. लपून म्हणजे, एकाच्या खिशात बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आहे, ती मला ओसरीवरून ऐकू येते. मी काल त्यांना कॉफी नेऊन दिली. फार ओशाळले. तो हात वर करून बाहेर आला तरी ही पोरं घाबरून गोळी घालतील, एवढीच मला भीती आहे.

टीव्हीवाली बाईही येऊन गेली. म्हणाली, तुम्हीही तसेच होतात, तर किती जणांना मारलंत? मी म्हटलं, आमचं काम बघणं होतं. सहा जणांनी जायचं, वाटेच्या कडेला झुडपात पडून राहायचं, कोण गेलं, काय घेऊन गेलं, ते बघायचं आणि कुणाला कळू न देता परत यायचं. बंदूक वाजली की काम फसलं. चांगला दिवस म्हणजे काहीच न घडलेला दिवस. ती कॅमेऱ्यावाल्याला म्हणाली, झालं, गुंडाळ.

मला विचारशील तर डॉइल वरच आहे, लॉरेलच्या झाडीत, घर दिसेल अशा जागी. मी असतो तर तिथंच असतो. मी संध्याकाळी ओंडक्यावर मक्याची भाकरी आणि घेवडा ठेवतो आणि पाठ करून बसतो, म्हणजे त्याला संकोच नको. सकाळी ताट चाटूनपुसून साफ असतं. कधीकधी वाटतं, मागं कुणीतरी श्वास घेतंय. मी वळत नाही.

तू काळजी करू नकोस. तो माझ्यासारखाच आहे.

तुझा,
व्हर्लिन

*

हिल्सबरोजवळ, नॉर्थ डकोटा
२९ सप्टेंबर

प्रिय व्हर्लिनकाका,

हे पत्र मी तीनदा फाडलं. तुमचा राग आलाय असं नाही. तुम्ही रागवाल याचीही भीती नाही. तुम्ही रागावत नाही, तुम्ही गप्प होता, आणि ते जास्त वाईट.

इथं सगळीकडे सपाट. इतकं सपाट की उद्या येणारा माणूस आज दिसतो. काढणीला अजून दोन दिवस आहेत. आमची चाकांवरची घरं एका ओळीत उभी आहेत, माझं सातवं, हिरव्या पट्ट्याचं, भाड्याचं, छप्पर गळतं. शेजारची बर्निस सत्तरीची आहे, दरवर्षी फ्लोरिडाहून येते, आणि तिच्याकडे एक पोपट आहे तो फक्त हवामान सांगतो. चुकीचं. बघा, लागले मी परत भरकटायला.

इथं येताना मी वाटेत मूरहेडला उतरले. ओरिन स्कोग्लुंड तिथं राहतो, डॉइलच्या तुकडीचा म्होरक्या होता तो. आता लोकांच्या घरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो. मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. माफ करा, पण दाखवलं. तुम्ही रात्री दाराशी उभे राहायचात तिथं मी पोचले तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

म्हणाला, "तुझे काका आणि आम्ही एका नावाचे आहोत, एका कामाचे नाही."

मग त्यानं जे सांगितलं ते मी मला कळलं तसं लिहिते. त्यांची पलटण उभी केली होती विमानतळ ताब्यात घ्यायला. पॅराशूटनं उतरायचं, धावपट्टी मोकळी करायची, मागून मोठं सैन्य येईपर्यंत धरून ठेवायची. वर्षानुवर्षं त्याचाच सराव. प्रत्यक्षात अफगाणिस्तानात त्यांना दिली घरं. रोज रात्री एक, कधी दोन. हवा असलेला एक माणूस असतो, त्याचं घर असतं. अंधारात चालत जायचं, कुत्री भुंकायच्या आत भिंतीशी पोचायचं, दाराबाहेर एकामागं एक उभं राहायचं, श्वास धरून. मग आत. उजाडायच्या आत परत, आणि दिवसभर प्लायवूडच्या खोलीत, जनरेटर आणि पंख्यांच्या गोंगाटात झोप. तो गोंगाट म्हणजे सगळं ठीक आहे. शांतता म्हणजे आपण कुणाच्यातरी दाराशी उभे आहोत.

डॉइलनं कुणाला मारलं वगैरे मी विचारलंच नाही. स्कोग्लुंड स्वतःच म्हणाला की बहुतेक रात्री एकही गोळी सुटायची नाही, आणि गोष्ट अशाच एका रात्रीची आहे. ज्याच्यासाठी गेले तो त्या घरात नव्हता. होता फक्त एक म्हातारा. सगळे झोपेतून दचकून उठतात, हा बसलेला होता. खाटेच्या कडेला, पूर्ण कपड्यांत, पायात जोडे, तोंड दाराकडे. जणू रोजच तसा बसत असावा. पहिला आत गेला तो डॉइल. दुभाष्यानं म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं: "दिवसा आला असतात तर चहा दिला असता." एवढंच. त्यांनी घर बघितलं, त्याला तिथंच सोडलं, निघून आले. काही झालं नाही. पण परतताना डॉइल विचारत राहिला की तो किती रात्री असा बसला असेल.

काका, तुमच्या पत्रात डॉइल जसा बसलाय, ते वाचताना स्कोग्लुंडचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

त्याला तुम्ही ऐकू येत होतात. फळी वाजली नाही म्हणूनच ऐकू येत होतात. बाहेर कुणीतरी आहे आणि आवाज होऊ देत नाहीये, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? रोज रात्री तो म्हाताऱ्याच्या जागी बसायचा, आणि दाराबाहेर तो स्वतः उभा असायचा.

तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलंत. मला माहीत आहे. त्यालाही माहीत असेल, पण रात्री माहीत असणं आणि दिवसा माहीत असणं वेगळं. तो वरच्या झाडीत नाही, काका. तिथं तर आणखी शांतता आहे. ते ताट एखादं जनावर, रॅकून वगैरे, चाटत असणार.

मी स्कोग्लुंडकडे माझा पत्ता ठेवून आलेय. तोही चार ठिकाणी विचारतोय.

डेस

*

लॉरेल फोर्क
५ ऑक्टोबर

चि. डेस,

तुझं पत्र ओसरीवर वाचलं. मग आत येऊन वाचलं.

ओंडक्याभोवती मैदा पसरून ठेवला होता, पायांचे ठसे उमटावेत म्हणून. रॅकूनच आहे. पिल्लांसकट.

शेरीफनं शिपाई काढून घेतले. वर पहिलं हिव पडलं, आणि त्यांना वाटतं की आता जे काही सापडेल ते वसंतातच सापडेल. असं त्यानं टोपी काढून सांगितलं. गावात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत. बाकावरचे म्हणतात, दुकानाच्या भिंतीवर डॉइलचं मोठं चित्र काढू, तोंडात सुरा, मागं हेलिकॉप्टर. मी म्हटलं, त्याचं नाव घातलंत तर मी रात्री येऊन चुना फासेन. हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय.

तू खरं तेच लिहिलंस. मी रागावलो नाही. गप्प मात्र झालो, ते तू ओळखलंस.

तुला एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. एकदा तिकडे व्हिएतनाममध्ये आम्ही एका ओढ्याकाठी पडून होतो, वेताच्या बेटात. एक बाई आली, टोपली ठेवली, पाय धुवायला बसली. माझ्यापासून इतकी जवळ की तिच्या टाचेची भेग दिसत होती. तिनं मान वर केली आणि मी होतो तिथंच सरळ बघितलं. मी पापणी हलवली नाही. तिनं दुसरा पाय धुतला, सावकाश, टोपली उचलली, गेली. तिच्या मागून कुणी आलं नाही. आम्ही सुखरूप परत आलो, आणि मी चव्वेचाळीस वर्षं मानत आलो की तिनं मला बघितलं नाही. इतका मी तरबेज होतो.

आता वाटतं, बघितलं असणार. आणि पाय धुवत राहिली, कारण दुसरं काय करणार होती? त्यानंतर ती कधी त्या ओढ्यावर निवांत बसली असेल का, हा प्रश्न मला परवापर्यंत पडला नव्हता. मी स्वतःला बघणारा समजत होतो. त्या बाईच्या लेखी मी काय होतो, ते डॉइलनं मला दाखवलं, आणि त्यासाठी त्याला खिडकीतून उडी मारून जावं लागलं.

परवा ओपलकडे गेलो. ती मागच्या दाराशी वाटाणे सोलत होती. मी हाक मारली तेव्हा तिच्या हातातलं भांडं पडलं. म्हणाली, "व्हर्लिन, चाळीस वर्षं झाली, तू येतोस ते कधी कळत नाही. भुतासारखा उगवतोस." मी नेहमी समजत होतो की ती गमतीनं म्हणते.

डॉइल तुझ्याकडे आला, तर मला कळवायची घाई करू नकोस. तो नको म्हणाला, तर कळवूच नकोस. त्याला झोपू दे. माझं नाव काढू नकोस.

या घरात आता मलाच रात्री पावलं ऐकू येतात. उठून बघतो तर मीच उभा असतो, मधल्या खोलीत, अनवाणी.

व्हर्लिन

*

हिल्सबरोजवळ
१७ ऑक्टोबर

प्रिय व्हर्लिनकाका,

तुम्ही घाई करू नकोस म्हणालात, म्हणून मी केली नाही, आणि आता मला कळत नाहीये की हे पत्र मी पाठवणार आहे की नाही. पण लिहिते.

डॉइल इथं आहे.

मागच्या आठवड्यात स्कोग्लुंडच्या ट्रकमधून उतरला. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचातरी गवंडीकामाचा कोट. ऑगस्टपासून तो चालत, गाड्यांना हात करत, मिळेल ते काम करत हिंडत होता. टेनेसीत कोंबड्यांच्या एका मोठ्या शेडमध्ये पंखे होते म्हणून तीन आठवडे राहिला. शेवटी स्कोग्लुंडच्या दाराशी गेला. दुपारी, घंटा वाजवून. मला म्हणाला, "तुला सपाट जागा बरी सापडली गं. कुणी लपूच शकत नाही इथं." मग माझ्या छपराकडे बघून म्हणाला की हे तू विकत तर घेतलं नाहीस ना.

त्याला रात्रपाळीत घेतलं. पट्ट्यावरून बीट वर चढवून ढीग रचणारं यंत्र तुम्ही बघायला हवं काका, दिवे लावलेल्या आगबोटीसारखं, आणि इतका आवाज की बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. डॉइल त्याच्या पट्ट्याशी उभा राहतो, चिखलानं माखतो, ट्रकवाल्यांना शिव्या घालतो. सकाळी अख्खी ओळ झोपते. पडदे ओढलेले, सगळ्यांचे हीटर घरघरत, मागं यंत्र चालूच. पहिल्या दिवशी तो बसूनच होता. दुसऱ्या दिवशी बर्निसनं विचारलं, याला काय झालंय, आणि मी काय सांगावं म्हणून चाचरत होते, तर तोच म्हणाला, कुणी जागं असेल तर झोप लागते. तिनं फार विचारलं नाही. खुर्ची आणून आमच्या पायरीशी विणत बसली, पोपटाला मोठमोठ्यानं रागवत. तो झोपला काका. आडवा होऊन. मी बराच वेळ बघत होते, मग मला रडू आलं, म्हणून बीट साफ करायला गेले.

त्याच्या पाळीतल्या पोरांना कळलंय की तो कोण होता. एकानं विचारलं, खरंच हातांनी माणूस मारता येतो का? डॉइल म्हणाला, "मला मुख्यतः चालता येतं. आणि रांगेत उभं राहता येतं." पोरगा खट्टू झाला.

तुमचं नाव मी काढलं नाही. त्यानंच काढलं, काल. विचारलं, "काका अजून रात्री उठतात का?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मग तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं. ओढ्यावरच्या बाईचं. वाचून त्यानं ते घडी करून परत दिलं. म्हणाला, "दाराबाहेर काकाच आहेत हे मला माहीत असायचं. पण प्रत्येक रात्री दहा मिनिटं माहीत नसायचं. एखाद्या रात्री मी खिडकीऐवजी दाराकडे गेलो असतो, डेस. म्हणून निघालो." मग म्हणाला, मला परत तिथं झोपता येणार नाही, पण आपला म्हातारा तिथं एकटा काय करत असेल. पत्रात काय लिहावं ते त्याला सुचत नव्हतं. मी म्हटलं, मला तरी कुठं सुचतं?

म्हणून लिहायला बसलेय. आज दुपार आहे, यंत्र बंद आहे, हवा गरम झाली की बीट कुजतात म्हणून काढणी थांबवतात. फार शांत आहे, आणि त्यामुळं डॉइल अर्धवट झोपेत कूस बदलतोय. बर्निस गावात गेलीय, पहारा माझा आहे. तुम्हाला विचारायचं होतं की

थांबा. बाहेर कुणीतरी गोंधळ घालतंय. ओळीच्या त्या टोकाला, डब्यावर काहीतरी आपटत येतंय. पिऊन आलेला ट्रकवाला असणार. लोक पडदे सारून शिव्या देतायत.

तो स्वतःचं नाव ओरडतोय, काका.

तुमचं नाव ओरडतोय. तुम्हीच आहात. खिडकीतून दिसताय, चर्चला जायच्या कोटात, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पत्र्याचं झाकण आणि काठी. एकोणीसशे सत्तरपासून तुम्ही जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. डॉइल इथं आहे हे तुम्हाला माहीतही नाही, माझ्या दाराशी येतानाच तुम्ही इतका आवाज करताय. प्रत्येक घरापाशी थांबून सांगताय, "मी व्हर्लिन हॉलिफील्ड, लॉरेल फोर्कचा, पुतणीला शोधतोय, पुढं येतोय." चौथ्या घराचा माणूस म्हणतोय, आख्ख्या डकोटाला कळलं बाबा, हळू.

डॉइल उठलाय. पलंगावर बसून ऐकतोय. मी दाराकडे जात होते, तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

म्हणाला, "तू बस. मी उघडतो."